पुनरुक्ती हा दोष नव्हे : ‘डोपस्मोकर’च्या निमित्ताने

मराठी विभागांत शिकवणाऱ्या आम्हा काही जणांना एक प्रश्न अधूनमधून विचारला जातो. ज्ञानेश्वरी आणि मर्ढेकर शिकवणारी माणसे ‘तसले’ संगीत ऐकतात तरी कशी? ‘तसले’ म्हणजे डूम मेटल आणि स्टोनर मेटल या नावांनी ओळखले जाणारे, अतिशय संथ, अतिशय मोठ्या आवाजातले, गिटारी खाली उतरवून वाजवलेले संगीत. या प्रश्नात कुतूहल कमी आणि निकाल जास्त असतो. व्यक्तिगत आवडीचे समर्थन करण्यात आम्हाला रस नाही. ज्याचे त्याचे कान ज्याच्या त्याच्यापाशी. परंतु या प्रश्नामागे एक वाङ्मयीन गृहीतक दडलेले आहे आणि ते आपल्या वर्गांतून, प्रश्नपत्रिकांतून आणि पुस्तक-परीक्षणांतून रोज वापरले जाते. म्हणून त्याचा समाचार घेणे आवश्यक वाटते. गृहीतक असे की, जे पुन्हा सांगितले ते वाया गेले. कलाकृतीचे मोल तिच्यात नवे किती घडते यावरून ठरते. पुनरावृत्ती म्हणजे पाल्हाळ, संथपणा म्हणजे कल्पनादारिद्र्य आणि लांबी म्हणजे कात्री चालवणारा कोणी भेटला नसल्याचा पुरावा.

या गृहीतकाची परीक्षा घ्यायची तर सोयीचे उदाहरण घेऊन चालणार नाही. जेथे पुनरावृत्ती सर्वाधिक आहे आणि प्रतिष्ठेचे कवच सर्वांत कमी आहे, असे उदाहरण घेतले पाहिजे. ‘स्लीप’ या अमेरिकन बँडचे ‘डोपस्मोकर’ हे तसे उदाहरण आहे. एकच गाणे, लांबी सुमारे ६३ मिनिटे.

या कृतीविषयी आजवर जे बोलले जाते त्याचे तीन प्रकार आमच्या कानांवर आले आहेत. पहिला प्रकार धिक्काराचा : हा गोंगाट आहे. दुसरा दंतकथेचा : कंपनीने दडपलेली ही एक थोर कृती आहे. तिसरा आपलेपणाचा : हे तर आपलेच विलंबित, आपलाच नामजप. तिघांत टोकाचे मतभेद दिसतात. प्रत्यक्षात तिघांचे एका बाबतीत पूर्ण एकमत आहे. ती ६३ मिनिटे ऐकण्याची गरज तिघांपैकी कोणालाच भासत नाही. आमचा वाद या एकमताशी आहे.

कृती आणि तिचे पाठ

आधी वस्तुस्थिती. कॅलिफोर्नियातील सॅन होजे येथील तिघांचा हा बँड. अल सिस्नेरोस बेस गिटार वाजवतात आणि गातात, मॅट पाइक गिटार वाजवतात, आणि ड्रमवर त्या काळी ख्रिस हाकियस होते. १९९२ मध्ये आलेल्या ‘स्लीप्स होली माउंटन’ या अल्बममुळे त्यांचे नाव झाले. पुढे लंडन रेकॉर्ड्स या मोठ्या कंपनीशी त्यांचा करार झाला आणि १९९६ मध्ये निर्माते बिली अँडरसन यांच्यासह त्यांनी हे दीर्घ गाणे ध्वनिमुद्रित केले. कंपनीने ते प्रसिद्ध करण्यास नकार दिला. नव्याने मिश्रण करून पाहिले गेले, काटछाट झाली. तरी ते कंपनीकडून बाहेर आले नाही. बँड फुटला. १९९९ मध्ये सुमारे ५२ मिनिटांचा एक पाठ ‘जेरुसलेम’ या नावाने दुसऱ्या एका छोट्या कंपनीकडून आला. त्यात गाण्याचे सहा तुकडे केलेले होते आणि सहांनाही तेच एक नाव होते. २००३ मध्ये टी पी रेकॉर्ड्सने ६३ मिनिटांचा पाठ ‘डोपस्मोकर’ म्हणून प्रसिद्ध केला. २०१२ मध्ये सदर्न लॉर्ड या कंपनीने त्याच्या ध्वनीवर नव्याने संस्कार करून आणखी एक आवृत्ती काढली. २००९ मध्ये बँड पुन्हा एकत्र आला आणि २०१८ मध्ये ‘द सायन्सेस’ हा त्यांचा नवा अल्बमही आला.

पाठचिकित्सेची सवय असलेल्या वाचकाला यातील खरी गंमत लगेच जाणवेल. एकाच कृतीचे एक ‘लघुपाठ’ आणि एक ‘दीर्घपाठ’ आपल्यासमोर आहेत. फरक अकरा मिनिटांचा. पुनरावृत्ती वायाच जात असेल, तर लघुपाठ अधिक सरस ठरायला हवा. निदान दोन्ही पाठ समान मोलाचे तरी ठरावेत, कारण गाण्यातील प्रवासाची ‘गोष्ट’ दोन्हींत तीच आहे. दोन्ही ऐकलेल्या श्रोत्याचा अनुभव वेगळा आहे. लघुपाठ हे एक लांब गाणे वाटते. दीर्घपाठ ऐकताना ‘हे गाणे लांब आहे’ ही जाणीवच एका टप्प्यानंतर गळून पडते आणि उरते ती एक जागा, जिच्यात आपण वावरतो आहोत. अकरा मिनिटांनी संख्येत नव्हे, जातीत फरक पडला. जे कापले ते आशयाच्या भाषेत सांगता येत नाही, एवढ्यावरून तेथे काहीच नव्हते असे ठरवणे ही समीक्षकाची सोय झाली.

आणखी एक गोष्ट लक्षात घेण्याजोगी आहे. ध्वनिमुद्रणासाठी वापरलेल्या फितीच्या एका रिळात सुमारे २२ मिनिटेच मावत असल्याने हे गाणे भागाभागांनी मुद्रित करावे लागले, असे पाइक यांनी सांगितले आहे. लाँगप्ले तबकडीच्या एका बाजूची मर्यादाही साधारण तेवढीच. म्हणजे साधनांनी आखून दिलेल्या चौकटीत न मावणारी कृती त्यांनी आधी मनात रचली, पाठ केली आणि मग साधनाला तिच्यामागे फरफटत यायला लावले. न थांबता ती ऐकण्याची सोय सीडीमुळे झाली. अशा कृतीला ‘आळशी’ हे विशेषण लावणाऱ्यांनी २२ मिनिटांच्या रिळांवर ६३ मिनिटांचा एकसंध लयबंध जुळवण्याचा विचार एकदा करून पाहावा.

दंतकथेचे कर्ज

आता चाहत्यांकडे वळू. या अल्बमविषयीचा कोणताही लेख उघडावा, त्यातील निम्मा भाग एका कथेने व्यापलेला असतो. तरुण पोरांना मोठ्या कंपनीने पैसे दिले, त्यांनी त्यातून भलेमोठे ॲम्प्लिफायर आणि गांजा घेतला, कंपनीच्या हाती त्यांनी एकच अवाढव्य गाणे ठेवले, कंपनी हादरली. कथा रंगतदार आहे, आणि तिचा बराचसा भाग बँडच्या सदस्यांनीच मुलाखतींतून सांगितलेला आहे. ती संपूर्ण खरी आहे असेच धरून चालू. मग पुढे काय? नवव्या मिनिटाला काय घडते आणि ते तिसऱ्या मिनिटाला का घडत नाही, याविषयी ही कथा काय सांगते? काहीही नाही.

चरित्र आणि कृती यांचा संबंधच नसतो, असे म्हणण्याचा कर्मठपणा आम्ही करणार नाही. या संगीताच्या मुळाशीच एक चरित्रात्मक घटना आहे. इंग्लंडमधील बर्मिंगहॅम येथे ‘ब्लॅक सॅबथ’चे गिटारवादक टोनी आयोमी सतराव्या वर्षी पत्र्याच्या कारखान्यात काम करीत होते. यंत्रात सापडून त्यांच्या उजव्या हाताच्या दोन बोटांची टोके तुटली. ते डावखुरे, त्यामुळे तारा दाबायचा हात नेमका हाच. त्यांनी प्लॅस्टिक वितळवून बोटांना टोप्या केल्या, हलक्या तारा लावल्या आणि पुढे तारांचा ताणही उतरवला. १९७१ च्या ‘मास्टर ऑफ रिअॅलिटी’ या अल्बममधील काही गाण्यांत गिटार नेहमीपेक्षा तीन अर्धस्वर खाली लावलेली आहे. त्यामागे आवाज अधिक जड व्हावा ही इच्छा होती, तसा जखमी बोटांचा सोयीचा विचारही होता. सैल तारेचा तो घोगरा, जमिनीलगतचा नाद ही डूम मेटलची मातृभाषा. ‘स्लीप’ने ती आणखी खाली नेली. येथे चरित्र आपल्याला तारेपर्यंत, नादापर्यंत घेऊन जाते आणि तेथे आपला हात सोडते. आपण ऐकू लागतो.

कंपनीच्या अन्यायाची कथा याच्या नेमके उलटे करते. ती आपल्याला नादापासून दूर नेऊन सहानुभूतीपाशी बसवते. ‘दडपलेली कृती’ म्हटले की ती थोर असलीच पाहिजे, असा एक भाबडा न्याय त्यात असतो. दडपलेल्या कृती सुमारही असतात. प्रसिद्ध न झालेली हस्तलिखिते चाळण्याचे काम ज्यांनी केले आहे त्यांना हे सांगावे लागू नये. आणि आपल्या विषयात हा रोग किती मुरलेला आहे हे उत्तरपत्रिका तपासणाऱ्या कोणालाही विचारावे. तुकोबांच्या एखाद्या अभंगाचे रसग्रहण विचारावे, तर इंद्रायणीत बुडालेली गाथा वर आल्याची हकिकत दीड पान येते आणि अभंगाच्या शब्दांना, त्याच्या तुटक वाक्यांना, त्याच्या यमकांच्या आघातांना तीन ओळी मिळतात. विद्यार्थ्यांना दोष देण्यात अर्थ नाही. कृतीभोवतीची कथा सांगितली की कृती शिकवून झाली, ही पद्धत त्यांनी आमच्यासारख्यांच्या व्यवसायाकडूनच उचलली आहे.

तीच ओळ, वेगळे तात्पर्य

आता मूळ मुद्दा. या संगीताचा घटक म्हणजे रिफ : गिटारीवर वाजणारी, काही सेकंदांची, पुन:पुन्हा येणारी स्वरांची आकृती. ‘डोपस्मोकर’ची सुरुवात एकट्या गिटारीने होते. एक जड स्वर उठतो, लांबतो, विझता विझता दुसरा येतो. मग बेस आणि ड्रम त्याच आकृतीला येऊन मिळतात. आकृती तीच. शब्द? ते आठ मिनिटांहून अधिक काळ येतच नाहीत. येतात तेव्हा गायनही गाण्यासारखे नसते. एखाद्या मठातील पठणासारखे ते एकाच पातळीवर, रिफच्या पावलांत पाऊल टाकून चालते. मधूनच पाइक यांची गिटार त्या पावलांवरून वर उसळते, भटकते आणि पुन्हा खाली येऊन रांगेत उभी राहते. शब्दांतून कळते ते एवढेच की, गांजाला देव मानणाऱ्यांचा एक तांडा वाळवंटातून नाझरेथच्या दिशेने निघाला आहे.

धिक्कार करणाऱ्यांचा आक्षेप इथेच असतो : तेच ते वाजते. आमचे उत्तर असे की, तेच ते वाजते आणि तरीही ते तेच नसते. हे चमत्कृतीसाठी केलेले विधान नाही. आपल्या काव्यशास्त्राने त्याची सोय फार पूर्वी करून ठेवली आहे. पुनरुक्तीला दोषांच्या यादीत घालणाऱ्या याच परंपरेने लाटानुप्रास नावाचा अलंकारही मानला. त्याचे लक्षण असे की, शब्द तोच, अर्थही तोच, फक्त तात्पर्य वेगळे. दंडीने ‘काव्यादर्शा’त एकार्थाचा दोष सांगताना लगेच अपवादही नोंदवला : अनुकंपेसारखा भाव उत्कट असेल तेव्हा पुनरुक्ती दोष ठरत नाही. म्हणजे दोष पुनरुक्तीत नाही, तात्पर्य न बदलणाऱ्या पुनरुक्तीत आहे. आपण अभ्यासक्रमात दोषांची यादी ठेवली आणि अपवाद गाळले.

या कृतीत तात्पर्य कसे बदलते? पहिल्या मिनिटाला रिफ ही एक घोषणा असते. ऐकणारा तिची नोंद घेतो आणि पुढचे काय, याची वाट पाहतो. चौथ्या-पाचव्या मिनिटाला ती अडथळा होते. पुढचे येत नाही म्हणून ऐकणारा अस्वस्थ होतो. सातव्या-आठव्या मिनिटाला त्याची वाट पाहणे थकते, आणि नेमक्या त्या थकव्यात त्याला आतापर्यंत न ऐकलेल्या गोष्टी ऐकू येऊ लागतात : एका आघातानंतर झांज किती वेळ थरथरते, बेसचा स्वर गिटारीच्या किंचित मागे रेंगाळतो की नाही, दोन स्वरांमधील मोकळी जागा भरलेली आहे की रिकामी. तेव्हा शब्द येतात. आता तीच रिफ जमीन झालेली असते आणि शब्द तिच्यावरून चालत असतात. वाद्यांनी काही बदलले नाही, ऐकणाऱ्याला बदलले. आठ मिनिटांचे ते ‘निरर्थक’ पुनरावर्तन काढून टाका. शब्द राहतील, पण त्यांच्या पायांखाली काहीच उरणार नाही.

मर्ढेकरांनी लयीची संवाद, विरोध आणि समतोल अशी तीन तत्त्वे मांडली. वर्गात ती शिकवताना आपण बहुधा विरोधाची ठळक उदाहरणे देतो : प्रकाशापुढे अंधार, शहरापुढे खेडे. विरोध इतका ठसठशीत नसतानाही लय संभवते, हे समजावणे अवघड जाते. ‘डोपस्मोकर’मध्ये विरोध आहे, पण तो दोन स्वरसमूहांतला नाही. तो ऐकणाऱ्याची अपेक्षा आणि कृतीचा विलंब यांच्यातला आहे, आणि समतोल साधायला साठ मिनिटे लागतात. मर्ढेकरांना हे संगीत रुचले असते असा दावा आम्ही करीत नाही. त्यांचे हत्यार येथे चालते, एवढेच म्हणतो. हत्यार ज्याच्या त्याच्या आवडीच्या लाकडावरच चालते असे ठरले, तर ते हत्यार कसले?

नशेची सबब

‘पण हे ऐकायला नशा करावी लागते ना?’ हा प्रश्न धिक्कार करणारे कुत्सितपणे विचारतात आणि काही चाहते अभिमानाने मान डोलावतात. अल्बमच्या नावातच नशा आहे, शब्दांतही आहे. ती लपवण्याचे कारण नाही आणि तिचा गौरव करण्याची आमची इच्छाही नाही. परंतु विषय आणि रचना यांत गल्लत करू नये, हा आपल्या विषयाचा पहिला धडा. मद्याविषयी कविता लिहिणारा कवी वृत्त मोजताना शुद्धीवर असतो.

संथ वाजवणे हे द्रुत वाजवण्यापेक्षा सोपे असते, असा एक समज आहे. दोन आघातांमधील अंतर वाढले की चूक लपायला जागा उरत नाही. अतिविलंबित ठेका धरून बसणाऱ्या तबलावादकाला हे विचारावे. तो हसून मान हलवील. तिघांनी मिळून एवढ्या मंद गतीत एकत्र पाऊल टाकायचे, रचना आधी पाठ करायची, कोणत्या फेरीनंतर काय बदलते हे लक्षात ठेवायचे, ही शिस्तीची कामे आहेत. गांजाने स्मरण वाढत नाही. ही कृती नशेने निर्माण केली असे म्हणणे म्हणजे हाकियस यांच्या मनगटाचे श्रेय एका वनस्पतीला देणे. आणि ती नशेतच समजते असे म्हणणे म्हणजे श्रोत्याला लक्ष देण्याच्या जबाबदारीतून मुक्त करणे. कुत्सित प्रश्नकर्ता आणि अभिमानी चाहता या दोघांनाही नेमकी हीच मुक्ती हवी असते.

आपलेपणाचा मोह

तिसऱ्या प्रकाराविषयी अधिक सावध राहिले पाहिजे, कारण तो प्रेमळ आहे. संथ लय, आधारस्वरासारखा गुंजणारा नाद, पठण, तांडा, पवित्र स्थळ : एवढे साहित्य दिसले की आपल्याकडे कोणीतरी धृपद म्हणते, कोणीतरी नामसप्ताह, कोणीतरी वारी. सिस्नेरोस आणि हाकियस यांनी पुढे २००३ मध्ये जो बँड काढला त्याचे नावच ‘ओम’. त्याच बँडच्या २०१२ मधील अल्बमचे नाव ‘अद्वैतिक साँग्ज’. मग काय विचारता! पण नाव ठेवल्याने गोत्र ठरत नाही.

भेद पाहावेत. विलंबित ख्यालात गायक प्रत्येक आवर्तनात नवे काही मांडतो आणि समेवर येतो. स्थैर्य तालाचे, नवता गायकाची. येथे आकृती आधीच ठरलेली, पाठ केलेली आहे. नवता ऐकणाऱ्याच्या बाजूला घडते. वारीत चालणाऱ्याला विठ्ठल भेटायचा असतो आणि बाजूला चालणारी माणसे खरी असतात. या तांड्यात माणूस म्हणून कोणीच नाही, सगळे बाह्याकृती आहेत. साम्य दाखवून भेद बुजवणे ही तौलनिक अभ्यासाची पद्धत नव्हे. ते घराण्याच्या वंशावळीत श्रीमंत पाहुणा घुसवणे झाले.

अमेरिकेतील दीर्घ, संथ संगीताशी भारताचा खरा संबंध हवाच असेल तर तो उपलब्ध आहे, आणि त्यासाठी कल्पनेची गरज नाही. किराणा घराण्याचे पंडित प्राणनाथ १९७० मध्ये अमेरिकेत गेले. ला माँट यंग आणि टेरी रायली हे संगीतकार त्यांचे शिष्य झाले. हा इतिहास आहे. त्यावर मराठीत लिहायला हवे, कारण किराणा घराण्याचे ऋण महाराष्ट्राइतके कोणी मानले असेल असे वाटत नाही. मात्र ‘स्लीप’चा उगम त्या वाटेवर शोधू नये. त्यांचा रस्ता बर्मिंगहॅमच्या पत्र्याच्या कारखान्यावरून येतो. कामगारवस्तीतील तरुणांनी यंत्राच्या आवाजाएवढाच मोठा आवाज करून ऐकवले, ते संगीत पाव शतकाने कॅलिफोर्नियातील तिघांनी आणखी संथ केले. या वंशावळीत आपल्याला जागा नाही, म्हणून ती कमी प्रतीची ठरत नाही.

उणिवा

समर्थन करताना उणिवा झाकण्याची वकिली आम्हाला करायची नाही. कागदावर वाचले तर या गाण्याचे शब्द हलके आहेत. बायबलच्या भाषेचा आव आणि गांजाच्या कोट्या यांचे मिश्रण काही ठिकाणी महाविद्यालयीन विनोदाच्या पातळीवर येते. त्याहून गंभीर बाब त्यातील वाळवंटाची आहे. नाझरेथ आणि जेरुसलेम ही खरी गावे आहेत; तेथे माणसे राहतात, मरतात, विस्थापित होतात. या गाण्यातील पूर्व मात्र निर्मनुष्य आहे : वाळू, तांडा, धूर. एडवर्ड सैद यांनी १९७८ मध्ये ‘ओरिएंटॅलिझम’मध्ये पाश्चात्त्य कल्पनेतील ज्या पूर्वेचे विच्छेदन केले, तिचीच ही एक उशिराची, स्वस्त प्रत आहे. बँडचा तसा हेतू नव्हता हे उत्तर अपुरे आहे. गांजाचा तांडा हा विनोद आहे हे मान्य केले, तरी विनोदासाठी कोणाचा प्रदेश रिकामा करावा लागला हा प्रश्न उरतोच.

परंतु हा आक्षेपही ऐकल्यानंतरच घेता येतो. ज्याने गोंगाट म्हणून पहिल्याच मिनिटाला दार लावून घेतले त्याला या वाळवंटाविषयी बोलण्याचा अधिकार नाही. धिक्कार आणि टीका यांत हाच फरक आहे. टीकेला वेळ द्यावा लागतो.

आपल्या वर्गांत

एवढा ऊहापोह एका परक्या अल्बमसाठी कशाला, असे कोणी विचारील. कारण पुनरुक्तीविरुद्ध लावलेला मापदंड परक्या अल्बमपाशी थांबत नाही. गीतेचे श्लोक ७००. त्यांवर ज्ञानेश्वरीच्या ओव्या सुमारे ९,०००. एकेका कल्पनेसाठी दृष्टान्तांमागून दृष्टान्त येतात. ‘सर, एवढे दृष्टान्त कशाला? एकातच कळले की’ असे एखादी चुणचुणीत विद्यार्थिनी विचारते, तेव्हा तिच्या प्रश्नात आपण शिकवलेलेच सगळे आपल्याकडे परत येत असते. कळले हे खरे. पण ज्ञानेश्वर तेथे ‘कळवीत’ नाहीत. कळलेल्या गोष्टीत श्रोत्याला मुक्काम करायला लावतात. मार्गदर्शकात एकच दृष्टान्त छापलेला असतो, कारण परीक्षेला एकच पुरतो. आपला ५२ मिनिटांचा लघुपाठ तो हाच. किंबहुना त्याहूनही आखूड. कादंबरीच्या जागी कथानक, महाकाव्याच्या जागी वेचे, कवितेच्या जागी मध्यवर्ती कल्पना. हे करताना आपण स्वतःशी म्हणतो की, गाभा तर दिला. ‘डोपस्मोकर’ आपल्याला विचारते की, गाभा आणि मुक्काम वेगळे करता येतात हे तुम्हाला कोणी सांगितले?

बाहेरचे जगही याच दिशेने धावते आहे. स्पॉटिफायवर गाणे तीस सेकंद वाजले की ते ऐकले गेल्याची नोंद होते. त्या हिशेबाने ‘डोपस्मोकर’मध्ये पहिला शब्द येईपर्यंत सोळा गाणी ‘ऐकून’ झालेली असतात. बाजाराने तीस सेकंदांचा कान घडवावा यात नवल नाही. त्याचा धंदाच तो आहे. पण साहित्याच्या वर्गाने तोच कान घडवावा, सारांशाला वाचन म्हणावे आणि संथपणाला सुमारपणा म्हणावे, हे आम्हाला मान्य नाही. जी पिढी एका रिफपाशी आठ मिनिटे थांबू शकत नाही ती ज्ञानेश्वरीच्या अठराव्या अध्यायापर्यंत पोहोचेल, अशी आशा आपण कशाच्या आधारावर करतो?

आमची मागणी माफक आहे. हे संगीत अभ्यासक्रमात घ्या असे आम्ही म्हणत नाही. घेतले तर दुसऱ्याच वर्षी त्याचेही मार्गदर्शक निघेल. ते आवडून घ्या असेही म्हणत नाही. आमच्यातील एकीला ते आजही रुचत नाही, आणि तिने काढलेल्या उणिवा वर आल्याच आहेत. तिने संपूर्ण ऐकले, दोनदा ऐकले आणि मग नाकारले. असा नकार आम्हाला कोणत्याही स्तुतीपेक्षा मोलाचा वाटतो. पुनरावृत्तीला दोष म्हणण्याआधी तिच्यातून शेवटपर्यंत जावे, आणि गेल्यानंतर आपण तेच राहिलो की बदललो हे प्रामाणिकपणे सांगावे, इतकीच अपेक्षा आहे. ज्यांना हा लेख पटला नाही त्यांनी आमच्याशी जरूर वाद घालावा. फक्त त्याआधी एक तास आणि तीन मिनिटे खर्च करावीत.